मालिकेतल्या कामवालीचे आडनाव काय?

भिवंडी शहराला लागून असलेले आमचे राहनाळ आता गोदामांचे गाव म्हणून ओळखले जाते. संध्याकाळी गोदामातली माणसे दमूनभागून घरी परततात आणि सात वाजले की घराघरांतून मालिकांची शीर्षकगीते सुरू होतात. आमचे घरही त्याला अपवाद नाही. ठाण्याच्या कोर्टातून येऊन मी फायली उघडून बसतो खरा, पण एक कान टीव्हीकडे असतोच.

परवा अशीच एक कौटुंबिक मालिका चालू होती. मोठा वाडा, दारात तुळस, देवघरात समई आणि दागिन्यांनी मढलेल्या सासवा-सुना. दोन विहिणींचे भांडण ऐन रंगात आले असताना कामवाली चहाचा ट्रे ठेवून निघून गेली. माझ्या आईने उभे आयुष्य कांड्या भरण्यात घालवले. ती एकदम म्हणाली, "ही बाई ऱ्हाते कुठं रं? हिला पोरंबाळं हायती का नाय?"

आम्ही सगळे हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तो प्रश्न काही मनातून जाईना. मालिकेत विहिणींच्या तीन पिढ्यांचा इतिहास आहे, कुळाचार आहे, खानदानी दागिन्याची गोष्ट आहे. कामवालीला मात्र धड आडनावही नाही! तमाम महाराष्ट्र रोज संध्याकाळी ज्या घरात डोकावतो, त्या घरात आपण कोठे आहोत?

वाचक बंधू-भगिनींनो, आपण पडद्यावर कधीच आलो नाही असे मी म्हणणार नाही. आलो. पण कसे आलो, ते प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे.

आमच्या भिवंडीशी नाते सांगणारी एक मालिका आहे. तिचे नाव 'तमस'. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत भिवंडीत दंगल पेटली. तिची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. त्या दंगलीनंतर भिवंडीतली उद्ध्वस्त घरे पाहायला आलेल्या भीष्म साहनी यांना फाळणीच्या वेळचे रावळपिंडी आठवले आणि त्यातून 'तमस' ही कादंबरी जन्माला आली. गोविंद निहलानी यांनी तिच्यावर केलेली मालिका १९८८ साली दूरदर्शनने दाखवली. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. शेजाऱ्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर पहिला भाग पाहिला आणि डुकराच्या ओरडण्याने घाबरून घरी पळालो. पुढे वकिलीची पदवी घेतल्यावर ती पुन्हा सलग पाहिली.

ओम पुरी यांनी केलेला नत्थू हा मेलेल्या जनावरांची कातडी काढणारा आपला माणूस. ठेकेदार त्याला पाच रुपये देतो आणि सलोतरी डॉक्टरला पाहिजे म्हणून डुक्कर मारायला सांगतो. नत्थूला नाही म्हणता येत नाही. सकाळी तेच डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडते आणि शहर पेटते. एक वकील म्हणून माझी प्रतिक्रिया सांगतो. दंगलीच्या गुन्ह्यात नत्थू आरोपी होतो, तारखा भोगतो. पाच रुपये देणारा ठेकेदार शांतता समितीत जाऊन बसतो. भिवंडीत राहणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

या मालिकेवर बंदी आणावी म्हणून काही मंडळी कोर्टात गेली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी स्वतः मालिका पाहिली आणि प्रक्षेपणाचा मार्ग मोकळा केला. फेब्रुवारी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. अशा चित्रणाचा परिणाम डळमळीत मनाच्या माणसाच्या मापाने नव्हे, तर विचारी आणि खंबीर माणसाच्या मापाने तोलावा, असे न्यायालयाने मानले. प्रेक्षकावर न्यायालयाने इतका विश्वास टाकला! वाहिन्यांनी मात्र तो कधीच टाकला नाही.

त्यानंतर आठवते ती १८ मे २०१९ ची बुद्ध पौर्णिमा. स्टार प्रवाहवर बाबासाहेबांच्या जीवनावरील 'महामानवाची गौरवगाथा' सुरू झाली. सागर देशमुख बाबासाहेबांच्या भूमिकेत होते. आमच्या गल्लीत त्या वेळेला पोर दिसत नसे. आई पांढरी साडी नेसून, हात जोडून टीव्हीसमोर बसायची. रमाईच्या हालअपेष्टांच्या भागांना घरोघरी बाया ढसाढसा रडल्या. मीही रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

तरीपण मनातले बोलायचे तर माझी एक तक्रार आहे. मालिकेला अश्रू दाखवता येतात, कागद दाखवता येत नाहीत. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले. पाहणाऱ्याला वाटते लढाई तेथेच जिंकली. पण त्याच वर्षी डिसेंबरात सवर्णांनी दिवाणी कोर्टातून बाबासाहेबांविरुद्ध मनाई हुकूम आणला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, पण कोर्टाचा हुकूम होता म्हणून पुन्हा तळ्यावर जाण्याचा बेत तहकूब करावा लागला. दाव्याचा निकाल महाड कोर्टात १९३१ साली लागला. त्यावरचे अपील आमच्या ठाण्याच्या कोर्टात चालून १९३३ साली फेटाळले गेले. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने अखेरचा निकाल दिला. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची अनादी काळापासूनची प्रथा वादींना सिद्ध करता आली नाही, असा तो निकाल. म्हणजे ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे! ज्या ठाण्यात मी रोज तारखा घेत फिरतो, तेथे तो दावा चालला होता हे आमच्या किती पोरांना ठाऊक आहे? बाबासाहेबांच्या डोळ्यातले पाणी पोरांनी पाहिले. त्यांचा चिवटपणाही पाहायला मिळायला हवा होता.

आता मोबाइलचा जमाना आहे. मुलाच्या आग्रहाने २०२३ साली दोन मालिका पाहिल्या. 'मेड इन हेवन'मधील एका भागात नीरज घायवान यांनी राधिका आपटेला बौद्ध वधू दाखवले. अमेरिकेत नाव कमावलेल्या या विदुषीला स्वतःच्या लग्नात बौद्ध विधी व्हावा म्हणून आग्रह धरावा लागतो. पांढरी वस्त्रे, बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर पाहून आमच्या घरात टाळ्या पडल्या. पण बायको म्हणाली, "आपली पोरगी पडद्यावर यायला अमेरिकेलाच जाऊन यावं लागतं का हो?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसरी मालिका 'दहाड'. सोनाक्षी सिन्हाने केलेली अंजली भाटी पोलीस अधिकारी आहे. ती शेजारून गेली की हाताखालचा एक कर्मचारी उदबत्ती लावतो! तिचे मूळ आडनाव मेघवाल. ते बापाने बदललेले असते. शेवटी ती ते परत घेते. तो भाग संपल्यावर मी बराच वेळ उठलो नाही.

कारण सांगतो. वकिलीच्या सुरुवातीला मी दारावर जी पाटी लावली, तिच्यावर आडनाव नव्हते. फक्त माझे नाव आणि वडिलांचे नाव. अशिलांनी आडनाव वाचून मागे फिरू नये, हा हिशेब. दिवसा संविधानावर भाषणे आणि दारावर अशी पाटी! सहा वर्षे ती लटकत होती. आईला अक्षरे फार येत नाहीत, पण तिने तेव्हाच विचारले होते, "पाटी आखूड का रं केलीस?" मी पैसे कमी पडले म्हणून सांगितले. पुढे पाटी बदलली. ते खोटे मात्र कोणापाशी कबूल केले नव्हते. त्या रात्री आईपाशी केले. ती म्हणाली, "मला तवाच कळलं व्हतं."

म्हणून मालिकावाल्यांना दोष देताना मी स्वतःलाही वगळत नाही. ते कामवालीला आडनाव देत नाहीत आणि आपण मिळालेले आडनाव लपवतो. टीव्ही बंद करा असा उपदेश मी करणार नाही. एकदा करून पाहिला तेव्हा बायकोने सुनावले, "अहो, तुम्ही बातम्या बघता, तिथं काय बुद्धवंदना चालते?" ती बरोबर बोलली. दिवसभर गोदामात राबून आलेल्या बाईला तासभर विरंगुळा हवाच.

फक्त पाहताना आईसारखे प्रश्न विचारा. ही बाई कोठे राहते? हिचा पगार किती? हिच्या मुलीचे लग्न कोठल्या पद्धतीने झाले? आपल्या शिकलेल्या पोरापोरींना सांगा, वकील व्हा, अधिकारी व्हा, आणि जमल्यास मालिकाही लिहा. नत्थूपासून अंजली मेघवालपर्यंत यायला पस्तीस वर्षे लागली. संध्याकाळी सातच्या मालिकेत राहनाळच्या गोदामात काम करणारी बाई आडनावासह यायला आणखी पस्तीस वर्षे लागू नयेत.

जय भीम!