निरोगी मेंदूची उणीव

घरातील वडीलधारे माणूस निवर्तले, की नेत्रपेढीला निरोप पाठवावयाचा, ही गोष्ट आपल्या शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना आता नवखी राहिलेली नाही. देहदानाचा संकल्प करून तसे कागद कपाटात जपून ठेवणारी मंडळीही पुष्कळ आढळतात. शरीररचनेच्या अभ्यासासाठी मृतदेह उपलब्ध व्हावेत म्हणून मुंबई राज्याने १९४९ साली कायदा केला. तेव्हापासून समाजाचे मन येथवर यावयास दोन पिढ्या जाव्या लागल्या. परंतु संशोधनासाठी मेंदूही देता येतो, आणि तो केवळ रोग्यानेच नव्हे तर निरोगी माणसानेही द्यावा लागतो, हे याच सुशिक्षितांपैकी फार थोड्यांच्या कानी असेल.

याची निकड सहज ध्यानात येण्यासारखी आहे. यकृताचा वा मूत्रपिंडाचा कणभर तुकडा काढून रोग्याच्या हयातीतच तो तपासता येतो. मेंदूच्या बाबतीत असे धाडस क्वचितच करता येते. एम.आर.आय.सारख्या यंत्रांनी मेंदूचे चित्र दिसते खरे. पण एकेका पेशीच्या पोटात काय बिघडले, ते त्या चित्रात उमटत नाही. १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगुस्टे डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला स्वतःचे नावही नीट लिहिता येईना. ती १९०६ साली वारली, तेव्हा डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू म्युनिकला मागवून घेतला आणि त्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली धरले. पेशींच्या बाहेर साचलेले पुंजके आणि पेशींच्या आत पडलेला तंतूंचा गुंता त्यांना दिसला. आज घरोघरी धास्तीने उच्चारल्या जाणाऱ्या रोगाची ओळख अशी एका मृत स्त्रीच्या मेंदूवरून पटली.

मात्र रोगट मेंदूत काय बिघडले, हे शेजारी निरोगी मेंदू ठेवल्यावाचून कळत नाही. या दृष्टीने अमेरिकेतील एका ख्रिस्ती धर्मभगिनींच्या संघाचे उदाहरण आम्हांस फार बोलके वाटते. डेव्हिड स्नोडन या संशोधकाने १९८६ साली मिनेसोटात हे काम आरंभिले. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ६७८ धर्मभगिनी त्यात सहभागी झाल्या. ठराविक काळाने स्मरणशक्तीची परीक्षा द्यावयाची आणि मृत्यूनंतर मेंदू संशोधकांच्या स्वाधीन करावयाचा, हे त्या सर्वांनी मान्य केले. यांतील बहुतेकींनी आयुष्यभर शाळेत शिकविलेले. त्यांचे खाणेपिणे व राहणीही जवळपास सारखी. शिवाय ऐन तारुण्यात, व्रत घेण्यापूर्वी, त्यांच्यापैकी अनेकींनी लिहिलेली छोटी आत्मवृत्ते मठाच्या दप्तरात सुरक्षित होती! ती ताडून पाहता असे आढळले, की विशीतील ज्यांचे लेखन विचारांनी भरगच्च होते, त्यांना उतारवयात स्मृतिभ्रंशाचा उपद्रव कमी झाला. लिहिण्यामुळे मेंदू सुदृढ राहिला, की मुळातच सुदृढ म्हणून लेखन तसे उतरले, हा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. (निबंध टाळणाऱ्या विद्यार्थ्यांना धाक घालण्यास आमच्यासारख्या एके काळच्या मास्तराला हा दाखला तेव्हा मिळावयास हवा होता!) याहूनही नवल असे, की एक भगिनी वयाच्या १०१ व्या वर्षी वारली, तोवर तिची बुद्धी लख्ख होती; पण तिच्या मेंदूत तेच पुंजके व तोच गुंता विपुल सापडला. रोग मेंदूत असूनही माणूस शहाणे राहू शकते, ही आशा वैद्यकाला मिळाली ती निरोगी दिसणाऱ्यांनी मेंदू दिले म्हणून.

आपल्याकडे काहीच नाही असे नव्हे. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेत १९९५ पासून मेंदूपेढी आहे. अपघातात दगावलेल्यांच्या नातेवाइकांनी त्या दुःखाच्या घटकेतही दिलेल्या संमतीवर ती मोठ्या प्रमाणात उभी आहे. हयातीत करावयाच्या साहाय्याचा मार्गही खुला आहे. कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्यात पंचेचाळिशी उलटलेल्या ग्रामस्थांची स्मृती, चालणे, रक्त इत्यादींची तपासणी वर्षानुवर्षे करीत राहण्याचा उपक्रम बंगळूरच्याच मेंदू संशोधन केंद्राने चालविला असून, दहा हजारांचे लक्ष्य ठरविले आहे. कोलारचा शेतकरी दिवसाची मजुरी बुडवून तपासणीस बसतो, आणि आमचा पेन्शनर ‘मला काय झाले आहे?’ म्हणून उठून जातो, ही तुलना वाचकांस बोचेल. बोचावी अशीच आमची इच्छा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांच्या रोगाचे निदान पाश्चात्त्यांच्या मेंदूंवरून बांधलेल्या अटकळींवर किती काळ करावयाचे?

लोकांच्या मनातील शंकांची मात्र आम्ही टर उडवू इच्छीत नाही. देह विद्रूप होईल, ही भीती निराधार आहे. कवटी मागील बाजूने उघडली जाते, चेहऱ्यास धक्का लागत नाही आणि देह अंत्यसंस्कारासाठी परत मिळतो. अस्थी देणाऱ्या दधीचीची गोष्ट कौतुकाने सांगणाऱ्या धर्माला येथे अडचण वाटण्याचे कारण दिसत नाही. खरी शंका निराळी आहे : दिलेल्या मेंदूचे पुढे काय होईल? हेन्री मोलेसन या अमेरिकन गृहस्थाची नवी आठवण साठविण्याची शक्ती १९५३ च्या शस्त्रक्रियेत गेली, आणि २००८ साली मरेपर्यंत तो शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय राहिला. पुढे त्याच्या मेंदूचे २४०१ काप करण्यात आले. विज्ञानाचे त्याने अपार भले केले. तथापि ज्याला कालचे आज आठवत नाही, त्याच्या संमतीला अर्थ काय, हा प्रश्न उरतोच. म्हणून दात्याला त्याच्या भाषेत सर्व समजावून सांगणे, माहिती गुप्त राखणे आणि नकार देणाऱ्याचा नकार मानणे, ही संस्थांची जबाबदारी त्यांनी लेखी पत्करली पाहिजे.

यांतील मोठी अडचण वेळेची आहे. मेंदू साधारणतः एका दिवसाच्या आत पेढीत पोहोचावा लागतो, आणि एवढ्या मोठ्या देशात अशा पेढ्या मोजक्याच. आम्ही आमच्या घरी हा विषय काढला, तेव्हा बराच वेळ कोणी बोलेना. अखेर सूनबाईंनी विचारले, “बाबा, पण रात्री-अपरात्री तशी वेळ आली, तर आम्ही फोन कोणाला करायचा?” नेत्रपेढीचा क्रमांक दवाखान्यांच्या भिंतीवर लावलेला असतो. त्याच्याच खाली दुसरा एक क्रमांक लिहिता येईल अशी व्यवस्था राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांनी व सरकारने करावी, ही आमची मागणी आहे.