फुप्फुसातला रक्तदाब आणि सहा मिनिटांची चाल

"डॉक्टर, बी.पी. तर नॉर्मल निघालं, मग जिना चढताना एवढा दम का लागतो?" हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. बहुतेक वेळा कारण साधे असते. रक्त कमी असते, दमा असतो किंवा वजन वाढलेले असते. पण क्वचित एखाद्या रुग्णात वाढलेला रक्तदाब दंडाला पट्टा बांधून सापडत नाही, कारण तो फुप्फुसात असतो.

दोन वेगळे दाब

हृदयाची डावी बाजू सगळ्या शरीराला रक्त पुरवते, उजवी बाजू फक्त फुप्फुसांना. उजवीचे काम हलके, म्हणून तिथला दाबही कमी. दंडात १२०/८० असेल, तर फुप्फुसाच्या रोहिणीत तो २५/१० च्या आसपास असतो. या रोहिणीच्या बारीक शाखा आक्रसल्या आणि त्यांच्या भिंती जाड झाल्या, की दाब वाढतो. उजव्या बाजूचे स्नायू पातळ असतात. ते काही काळ झगडतात आणि मग थकतात. दम लागणे, चक्कर येणे, पायांवर सूज, श्रम करताना शुद्ध हरपणे ही त्याची लक्षणे. या आजाराला पल्मनरी आर्टिरिअल हायपरटेन्शन म्हणतात. तो दुर्मिळ आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक दिसतो.

औषध शोधण्यातली अडचण

मग रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी दिली की झाले, असे कोणालाही वाटेल. पण अशी गोळी सगळ्या शरीरातल्या वाहिन्या सैल करते. दंडातला दाब कोसळतो आणि फुप्फुसातला तसाच राहतो. म्हणून आधी परीक्षा घेतात. शिरेतून एक बारीक नळी हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसाच्या रोहिणीपर्यंत नेतात, रुग्णाला नायट्रिक ऑक्साइड वायू हुंगवतात आणि दाब उतरतो का ते पाहतात. कारण न सापडलेल्या या आजारात दहांपैकी जेमतेम एका रुग्णाचा दाब पुरेसा उतरतो. त्याला कॅल्शियम चॅनल ब्लॉकर जातीची जुनी गोळी उपयोगी पडते. उरलेल्या नऊ जणांसाठी नवी औषधे शोधावी लागली.

बारा आठवडे आणि आठ मृत्यू

१९७६ मध्ये ब्रिटनमध्ये जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत प्रोस्टासायक्लिनचा शोध लागला. हा पदार्थ रक्तवाहिनीचे अस्तर स्वतःच तयार करते. त्यापासून आलेले इपोप्रोस्टेनॉल हे औषध रक्तात काही मिनिटेच टिकते. म्हणून छातीजवळच्या मोठ्या शिरेत नळी बसवून, छोट्या पंपाने ते रात्रंदिवस द्यावे लागते. १९९६ मध्ये त्याची ८१ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले, निम्म्यांना त्यांच्या जोडीला हे औषध.

मोजमाप अगदी साधे होते : सहा मिनिटांत रुग्ण किती चालतो? आजही ही परीक्षा सरळ, सपाट व्हरांड्यात घेतात. रुग्णाने आपल्या चालीने चालायचे, दमला तर थांबायचे. घड्याळ मात्र थांबत नाही. औषध घेणाऱ्यांची चाल बारा आठवड्यांत ३१५ मीटरवरून ३६२ मीटरवर गेली, इतरांची घटली. त्या काळात आठ रुग्ण दगावले. आठही जण औषध न मिळालेल्या गटातले होते.

हे वाचून मन हळहळते. पण पंपाचे हे औषध तारेल की नळीतून होणारा जंतुसंसर्गच मारेल, हे चाचणीआधी कोणालाच ठाऊक नव्हते. त्या ८१ जणांमुळे ते कळले. आता गुणकारी औषधे हाताशी आहेत, त्यामुळे नव्या औषधाची चाचणी बहुधा चालू उपचार न थांबवता, त्यांच्या जोडीला ते देऊनच होते.

पुढे २००१ मध्ये बोसेंटन आले. सिल्डेनाफिल मुळात हृदयशूळासाठी तपासले जात होते. २००५ मध्ये २७८ रुग्णांवरच्या चाचणीत ते फुप्फुसासाठी उपयुक्त ठरले. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत चाल सुमारे ४५ ते ५० मीटरने वाढली. आकडा लहान वाटेल. पण ज्याला न्हाणीघरापर्यंत जाताना धाप लागते, त्याला या मीटरांचे मोल विचारा.

वाचकांनी काय लक्षात ठेवावे?

● दम वाढत असेल आणि कारण सापडत नसेल, तर हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करून घ्या. शंका आल्यास निदान नळीच्या तपासणीनेच पक्के होते.

● हृदयाला जन्मजात छिद्र असले किंवा झडप खराब असली, तरीही फुप्फुसातला दाब वाढतो. मुलांमधली अशी छिद्रे वेळीच दाखवा.

● सिल्डेनाफिल आपल्या मनाने घेऊ नका. छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेटसारखी गोळी घेणाऱ्याचा रक्तदाब त्यामुळे धोकादायकरीत्या कोसळतो.

● या आजारात गरोदरपण जिवावर बेतू शकते, आणि बोसेंटनने गर्भात व्यंग येऊ शकते. त्याबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

● बरे वाटले म्हणून औषध बंद करू नका. ही औषधे आजार मुळापासून घालवत नाहीत, त्याला आवरून धरतात. एकाएकी सोडल्यास दाब पुन्हा उसळू शकतो.