पट्टा-घासणी यंत्र : पट्ट्याचे मार्गविचलन

लाकूड अथवा धातू घासून सपाट करणाऱ्या ज्या यंत्रात अपघर्षक कणांनी मढविलेला अखंड पट्टा दोन रुळांवरून फिरतो, त्यास पट्टा-घासणी यंत्र म्हणतात. सुतारकामाच्या कारखान्यांत ते ‘बेल्ट सँडर’ याच नावाने ओळखले जाते. हातयंत्रात मागील रूळ विद्युत् चलित्राने फिरतो. पुढील रूळ स्प्रिंगच्या जोरावर पट्टा ताणून धरतो व त्याच्या अक्षाचा कल एका फिरकीने किंचित बदलता येतो. पट्टा मध्यावरून ढळून कडेला जाणे हा या यंत्राचा नेहमीचा दोष होय. ५३३ मिमी. परिघाचा पट्टा मिनिटाला ३०० मी. वेगाने फिरत असता सेकंदाला नऊहून अधिक फेरे होतात. दर फेऱ्यास ०·१ मिमी. विचलन झाले, तरी सु. पाच सेकंदांत तो ५ मिमी. सरकतो व यंत्राच्या धडावर घासून फाटतो.

पट्टा स्वभावतः रुळाच्या उंच भागाकडे चढतो, म्हणून एक रूळ बहुधा मध्यभागी किंचित फुगीर ठेवतात. उतारावर टेकलेला पट्टा वाकतो, त्याचा येणारा भाग माथ्याकडे वळतो व प्रत्येक फेऱ्यास थोडा वर बसतो. याउलट सपाट रुळांचे अक्ष समांतर नसल्यास पट्टा रूळ जेथे जवळ आहेत त्या, म्हणजे सैल, बाजूकडे जातो. हा भेद ध्यानात न घेता फिरकी पिळत राहणे व्यर्थ होय. बहुतेक कारागीर नेमके तेच प्रथम करतात.

प्रथम वीजजोडणी काढून रुळांवर चिकटलेला भुसा व राळ खरवडून काढावी. भुशाचा थर रुळाचा आकारच बदलतो. नंतर स्प्रिंगचा ताण व रबरी रुळाची झीज पाहावी. दोष पट्ट्याचा की यंत्राचा, हे ठरविण्यासाठी दोन्ही दिशांनी चालणारा पट्टा काढून त्याच्या कडांची अदलाबदल करावी व यंत्र भाराविना क्षणभर चालवावे. विचलनाची बाजू बदलल्यास पट्ट्याच्या दोन कडांचा परिघ असमान असतो. न बदलल्यास यंत्र दोषी. ज्या पट्ट्याच्या पाठीवर बाण आहे, त्यावर ही चाचणी करू नये, कारण उलट फिरताना त्याचा सांधा उचकटतो.

नासिकसारख्या ठिकाणी ऋतुमानही महत्त्वाचे ठरते. पावसाळ्यात कागदी वा कापडी पाठ ओलावा शोषते, कडा लहरतात व उन्हाळ्यात सरळ चालणारा पट्टा ढळू लागतो. पट्टे खिळ्याला न टांगता जाड नळीवर टांगावेत व सापेक्ष आर्द्रता सु. ४५ ते ६५ टक्के असलेल्या जागी ठेवावेत.

हेच नियम मालवाहक पट्ट्यांनाही लागू पडतात. नासिकजवळील एकलहरे येथील औष्णिक विद्युत् केंद्रासारख्या ठिकाणी कोळसा अशा पट्ट्यांवरून जातो. तेथे रुळाला चिकटलेली भुकटी भुशाचेच काम करते. मात्र पट्टा शेकडो मीटर लांब असल्याने एका रुळाचा कल बदलल्याचा परिणाम दिसण्यास काही फेरे थांबावे लागते.