घट्ट झालेला सीलर: आटला की विरजला?

मे महिन्यात हैदराबादेचा पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. अशा उन्हात गौलीगुड्यातील एखाद्या घराच्या माळ्यावर गतवर्षी उरलेला वुड सीलरचा डबा राहिला, तर तो उघडताच आत काकवीसारखे दाट द्रव्य दिसते. फेकवत नाही आणि वापरण्याचा धीरही होत नाही. अशा वेळी गृहस्थाने प्रथम एकच प्रश्न विचारावा: हा आटला आहे की विरजला आहे? आटलेले दूध पाणी घालताच पातळ होते. विरजलेले दूध पुन्हा दूध होत नाही.

सुतार ज्यास सँडिंग सीलर म्हणतात, तो बहुधा नायट्रोसेल्युलोजचा असतो. त्यातील थिनर उडून गेल्यानेच तो दाटतो, म्हणून त्याचाच थिनर घालून तो सुधारतो. वरची साय अखंड काढावी. तळाशी बसलेला पांढरा साका चपट्या काठीने ढवळून मिसळावा. पाव लिटरास एका वेळी दोनच चहाचे चमचे थिनर घालावा, झाकण लावून अर्धा तास थांबावे, गरज पडल्यास पुन्हा घालावा आणि शेवटी मलमलीतून गाळावे.

तेलाच्या किंवा पॉलियुरेथेनच्या सीलरची गोष्ट निराळी. तो हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होतो. सायीखाली द्रव वाहता असेल तर थोडे टर्पेंटाइन चालते. खरवसासारखा थिजला असेल तर त्याची आशा सोडावी. हार्डनर मिसळलेला सीलरही परतत नाही.

लाखेची तऱ्हा अधिक फसवी. मुशी ओलांडून लाड बाजारात गेल्यास कारागीर लाख तापवून बांगड्या घडवताना दिसतात. हैदराबादच्या या बांगड्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सुतार तीच लाख, चपड्याच्या रूपात, स्पिरिटमध्ये विरघळवतो. परंतु फार दिवस ठेवलेल्या द्रावणात लाखेची स्पिरिटशी हळूहळू रासायनिक क्रिया होते. ते पातळ दिसले तरी लावल्यावर चिकट राहते. यास्तव चपडा कोरडा ठेवून लागेल तेवढाच भिजवावा.

सुधारलेला सीलर दारावर लावण्यापूर्वी टाकाऊ फळीवर लावून पाहावा. दुसऱ्या दिवशी घासता पांढरी भुकटी पडली तर तो चांगला. कागद चिकटला तर डबा टाकावा. शेदोनशे रुपयांच्या लोभाने सागवानी दार तासून काढण्याची पाळी येऊ नये. पावसाळी दमट दिवशी हे काम करू नये, लेप पांढुरका पडतो.

डबा चुलीवर कधीही तापवू नये. थिनरची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत सरपटत शेगडीपर्यंत किंवा मेणबत्तीपर्यंत पोहोचते आणि भडका उडतो. खिडक्या उघड्या ठेवाव्या, मुलांना दूर ठेवावे, उरलेले गटारात ओतू नये.

काम आटोपल्यावर उरलेला सीलर लहान डब्यात काठोकाठ भरावा आणि झाकणावर तारीख व योग्य थिनरचे नाव लिहून ठेवावे. पुढील वर्षी तो प्रश्न निम्मा सुटलेला असेल.