एकाच घरात किती खुर्च्या?

फिलिपीन्समध्ये गावाचा कारभार नगराध्यक्ष चालवतो. त्याचं अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्या सभेचं अध्यक्षपद उपनगराध्यक्षाकडे असतं आणि ते अंदाजपत्रक पुन्हा प्रांताची सभा तपासते. कागदावर बंदोबस्त चोख. पण नगराध्यक्ष नवरा, उपनगराध्यक्ष बायको आणि प्रांताचा गव्हर्नर सासरा असेल, तर हिशेब कोण कोणाला विचारणार? घराणेशाही म्हटलं की आपण बापाची गादी पोराला मिळण्यावर बोलत बसतो. गरिबीच्या दृष्टीने त्याहून घातक आहे ते एकाच वेळी सगळ्या खुर्च्या एका घरात असणं. अर्थतज्ज्ञ रोनाल्ड मेंडोझा आणि सहकाऱ्यांनी हाच फरक धरून प्रांतांची आकडेवारी तपासली. लुझॉन बेटाबाहेर अशा ऐसपैस पसरलेल्या घराण्यांच्या प्रांतांत गरिबी जास्त आढळली. लुझॉनमध्ये तसा संबंध स्पष्ट दिसला नाही.

हे का, ते पैसा कुठून आणि कसा येतो हे पाहिलं की कळतं. १९९१ च्या कायद्याने केंद्राच्या अंतर्गत करांतला ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना मिळू लागला. गावात धंदा वाढो न वाढो, तिजोरीत राजधानी मनिलाचा पैसा येतोच, आणि तो वाटणं पुढाऱ्याच्या हाती राहतं. दवाखान्याचं बिल भागवायला पुढाऱ्याची चिठ्ठी आणावी लागते, आणि हक्काऐवजी उपकार म्हणून मिळालेली मदत मतपेटीत फेडावी लागते. लुझॉनमध्ये मनिलाच्या आसपास मात्र कारखाने आहेत, नोकऱ्या आहेत, वर्तमानपत्रं आहेत. तिथला मतदार चिठ्ठीवाचून अडत नाही.

गरिबीच घराणी पोसते, असा यावर आक्षेप येतो. तो अर्धा खरा आहे. पण दक्षिणेकडच्या मागिंदानाओ प्रांतात अम्पातुआन घराण्याची सत्ता असताना २३ नोव्हेंबर २००९ रोजी प्रतिस्पर्ध्याचा उमेदवारी अर्ज भरायला निघालेला ताफा अडवून ५८ जणांना मारलं गेलं. त्यांत ३२ पत्रकार होते. इथे मतदारांपुढचा पर्याय गरिबीमुळे आपोआप खुंटला नव्हता, तो खुंटवला गेला. दुसरा आक्षेप मकाती शहराचा: १९८६ पासून बहुतेक काळ बिनाय कुटुंबाच्या हाती, तरीही श्रीमंत. मात्र मकातीची उभारणी आयाला उद्योगसमूहाने त्याच्या कितीतरी आधी सुरू केली होती, आणि फार छळलं तर कंपन्या दुसऱ्या शहरात जाऊ शकतात. मागिंदानाओतला शेतकरी कुठे जाणार?

१९८७ च्या राज्यघटनेने घराणेशाहीला मनाई केली, पण व्याख्या कायद्यावर सोपवली. त्याच घटनेने सलग तीन मुदतींची मर्यादा घातली, तेव्हा घराण्यांनी बायका-मुलांना रिंगणात उतरवून पसारा आणखी वाढवला. व्याख्या करणाऱ्या संसदेतच घराणी बसलेली. मग २०१६ मध्ये नातेवाइकांना बंदी लागू झाली ती फक्त गावच्या युवक मंडळांच्या निवडणुकीत.