लेकुरवाळीची न्याहारी



आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहतां फारच लहान आहे. मुलाला अंगावर पाजणाऱ्या आईनें सकाळीं काय खावें, आणि तें वेळेवर तिच्या हातीं कसें पडावें, एवढाच तो आहे. परंतु ज्या घरांत नुकताच पाळणा हलूं लागला आहे तेथील मंडळींना विचारावें, म्हणजे हा प्रश्न किती अवघड होऊन बसतो तें कळेल. रात्रीं तीन-चार वेळां उठून मुलाला पाजलेली आई पहाटे डोळे चोळीत उठते, तेव्हां घरांतील इतर कोणाहीपेक्षां तिला अधिक भूक लागलेली असते. आणि नेमकी तीच सर्वांच्या मागून, दहा-अकरा वाजतां, निवून गेलेल्या पोह्यांची बशी घेऊन बसते. मधल्या वेळांत दोनदां चहा मात्र झालेला असतो. ही गोष्ट चांगल्या सुशिक्षित घरांतही घडते. ती कोणाच्या दुष्टपणामुळें घडते असें नव्हे. व्यवस्था नसते म्हणून घडते. तेव्हां व्यवस्थेविषयींच आज थोडें बोलावयाचें आहे.

उदाहरणादाखल जुन्या जालन्यांतील एखादें घर डोळ्यांसमोर आणूं. कुंडलिका नदीच्या एका अंगाला जुना जालना आणि दुसऱ्या अंगाला नवा जालना, अशी या शहराची रचना आहे. ‘जालना सोन्याचा पालना’ ही त्याची ख्याती फार दिवसांची. म्हणणाऱ्यांच्या मनांत पेठेची भरभराट असेल. परंतु पालना म्हणजे अखेर पाळणाच, आणि पाळण्याजवळ बसलेल्या आईची आबाळ व्हावी असें येथें कोणालाच वाटत नाहीं. बाळंतपणाची तयारी आधींपासून चालू होते. डिंक तळला जातो, खारीक कुटली जाते, खोबरें किसलें जातें, मेथीचें पीठ तुपांत भिजतें, अळिवाची खीर शिजते. हें सारें उत्तमच आहे. पण त्याची मुदत किती? सव्वा महिना! सव्वा महिना उलटला, लाडवांचे डबे रिकामे झाले, लेक माहेराहून सासरीं आली, कीं तिचें खाणें पुन्हां घरांतल्या चारचौघांसारखें होतें. मुलाची गरज मात्र सव्वा महिन्यांत संपत नाहीं. पहिले सहा महिने मुलाला आईच्या दुधाखेरीज दुसरें कांहीं, अगदीं पाणीसुद्धां, देऊं नये. आणि पुढें वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक काळ पाजीत राहावें, असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे. म्हणजे आईचा विशेष आहार सव्वा महिन्याचा आणि मुलाचें पिणें कित्येक महिन्यांचें. मधली तूट भरून कोण काढतें? आईचें शरीर. म्हणून माझ्या सांगण्याचें सार एवढेंच कीं, जोंवर दूध चालू आहे तोंवर आईची न्याहारीही चालू राहिली पाहिजे.

या तुटीचा हिशेब करणें कठीण नाहीं. केवळ आईच्या दुधावर असलेलें मूल दिवसाकाठीं सुमारें पाऊण लिटर दूध पितें. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२० सालीं जीं प्रमाणें ठरवून दिलीं, त्यांप्रमाणें पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला नेहमींच्या आहाराहून रोज ६०० उष्मांक अधिक लागतात, आणि पुढील सहा महिन्यांत ५२० लागतात. घरच्या भाषेंत सांगावयाचें तर मध्यम आकाराच्या दोन भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि पेलाभर दूध, इतकें अन्न तिला दररोज जास्त हवें. तें दुपारच्या एकाच ताटांत कोंबतां येत नाहीं. त्यांतील मोठा वाटा सकाळींच पोटांत गेला तर दिवस सुरळीत जातो.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. अमुक धान्य खाल्लें कीं दूध वाढतें, असें आपल्याकडे मेथीविषयीं, अळिवाविषयीं आणि शतावरीविषयीं सांगतात. पाश्चात्य देशांतील आया तेंच ओट्सविषयीं सांगतात. या समजुतींना भक्कम शास्त्रीय आधार अद्याप मिळालेला नाहीं. दूध मुख्यतः मुलाच्या चोखण्यामुळें तयार होतें. मूल जितक्या वेळां आणि जितकें नीट पितें, स्तन जितका मोकळा होतो, तितकी पुढील दुधाची निर्मिती होते. रात्रींचें पाजणें या कामीं विशेष उपयोगी पडतें. मग आईच्या खाण्याचें महत्त्व कमी झालें काय? मुळींच नाहीं. आई अर्धपोटीं राहिली तरी बहुधा दूध येतच राहतें, कारण शरीर आपल्या सांठ्यांतून तें पुरवितें. मूल बाळसें धरतें, म्हणून घरांतील माणसें निश्चिंत असतात. आणि आईचे गाल बसत चालले, केस गळूं लागले, जिना चढतांना दम लागूं लागला, तरी त्याचा संबंध सकाळच्या रिकाम्या पोटाशीं कोणी जोडीत नाहीं. आईची न्याहारी आईसाठींच आहे, हें एकदां ध्यानांत घेतलें म्हणजे दूध कमी पडल्याचा दोष तिच्या खाण्यावर टाकण्याची संवयही सुटेल.

अशा न्याहारीच्या कसोट्या तीन. ती आदल्या दिवशीं किंवा आदल्या आठवड्यांत करून ठेवतां आली पाहिजे. ती एका हातानें खातां आली पाहिजे, कारण दुसऱ्या हातावर मूल असतें. आणि तिनें दुपारपर्यंत पोटाला आधार दिला पाहिजे. नुसता चहा व बिस्किटें या कसोटीला उतरत नाहींत.

ओट्स आतां आपल्या दुकानांतून सहज मिळतात. हें थंड मुलखांतील धान्य. इंग्लंडांत तें घोड्यांना घालीत आणि स्कॉटलंडांत माणसें खात. झुरिक येथील डॉक्टर बिर्खर-बेनर यांनीं १९०० च्या सुमारास आपल्या रुग्णांसाठीं रात्रीं भिजविलेले ओट्स, किसलेलें सफरचंद आणि लिंबाचा रस असा एक पदार्थ प्रचारांत आणला. आज घरोघर रात्रीं भिजवून ठेवले जाणारे ओट्स त्याचेच वंशज होत. बाजारांतील चपटे ओट्स आधीं वाफवलेले असतात, म्हणून ते पुन्हां शिजविण्याची गरज नसते. रात्रीं अर्धी वाटी ओट्स, अर्धी वाटी तापवून गार केलेलें दूध, दोन चमचे दहीं, चमचाभर भाजलेले तीळ, तितकेंच दाण्यांचें कूट आणि दोन बिया काढलेले खजूर एका झांकणाच्या बरणींत कालवून फ्रिजमध्यें ठेवावे. सकाळीं चमचा घेऊन बसावें, एवढेंच काम उरतें. अशी बरणी दोन दिवस टिकते. मात्र मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत ती रात्रभर बाहेर ठेवूं नये, दूध बिघडेल.

फ्रिज नसेल अथवा तिखट-मिठाची आवड असेल, तर कोरडें मिश्रण करून ठेवावें. दोन वाट्या ओट्स मंद आंचेवर भाजून घ्यावे. थोड्या तेलांत मोहरी, जिरें, कढीपत्ता, दोन चमचे उडदाची डाळ आणि मूठभर शेंगदाणे खमंग परतावे. कढीपत्ता अगदीं कुरकुरीत झाला पाहिजे, नाहींतर मिश्रण सादळतें. हळद व मीठ घालून हें सारें ओट्समध्यें मिसळावें आणि पूर्ण गार झाल्यावर डबा भरावा. सकाळीं वाटीभर मिश्रणावर दीड वाटी उकळतें पाणी ओतून पांच मिनिटें झांकून ठेवलें, वरून लिंबू पिळलें, कीं उपमा तयार.

परंतु ओट्स नसले तर अडून बसण्याचें मुळींच कारण नाहीं. ज्या प्रांतांत ज्वारी पिकते त्या प्रांतांत या जातीची न्याहारी पूर्वींपासूनच आहे. ज्वारीच्या लाह्या कोरड्या कढईंत जरा गरम करून मिक्सरमधून काढाव्या व चाळाव्या. हें लाह्यांचें पीठ कोरड्या डब्यांत दोन-तीन आठवडे सहज राहतें. चार मोठे चमचे पीठ कोमट दुधांत गूळ घालून कालवावें, किंवा ताकांत मीठ व जिरेपूड घालून कालवावें. चूल पेटवावी लागत नाहीं, आणि हलकें असून तें पोटभर होतें. नाचणीचें पीठ भाजून ठेवलें तर त्याची पेज दहा मिनिटांत होते. नाचणींत इतर धान्यांच्या मानानें कॅल्शियम फार मोठ्या प्रमाणांत असतें, आणि पाजणाऱ्या आईला त्याची गरज विशेष असते.

एका हातानें खाण्याचा पदार्थ म्हणाल तर मराठवाड्यांतील धपाट्यांना तोड नाहीं. ज्वारीचें पीठ, थोडी कणीक व बेसन, चिरलेली मेथी, तीळ, ओवा, तिखट, मीठ असें सारें दह्यांत घट्ट मळून संध्याकाळींच धपाटे भाजून ठेवावे. सकाळीं गुंडाळी करून हातांत दिले, सोबत वाटीभर दहीं दिलें, कीं झालें. थंडीच्या दिवसांत ते दोन दिवस राहतात. उन्हाळ्यांत दुसऱ्या दिवशींच संपवावे. याच्या जोडीला अळिवाचा एक लाडू द्यावा. अळीव नारळाच्या पाण्यांत दोन-तीन तास फुगवून, ओलें खोबरें व गूळ घालून शिजवले म्हणजे लाडू वळतात. ते फ्रिजमध्यें आठवडाभर टिकतात. मात्र लाडू हा न्याहारीच्या जोडीला असावा, न्याहारीच्या ऐवजीं नव्हे.

दोन शब्द पेयांविषयीं. बाळंतिणीनें पाणी बेतानें प्यावें, असें कांहीं घरांत अजून सांगतात. दुधाचे शंभर भाग केले तर त्यांतील सुमारें सत्त्याऐंशीं भाग पाणी असतें. मग आईला तहानलेलें ठेवून कसें चालेल? मुलाला पाजावयास बसतांना पाण्याचा तांब्या हाताशीं असावा आणि तहान भागेल इतकें पाणी खुशाल प्यावें. तहानेपेक्षां अधिक पाणी बळेंच प्याल्यानें दूध वाढत नाहीं, हेंही तितकेंच खरें. चहा न्याहारीबरोबर न घेतां तासाभरानें घ्यावा, कारण अन्नांतील लोह अंगीं लागण्यास तो अडथळा करतो. उलट आंबट फळानें त्या कामीं मदत होते, आणि जालनेकरांना तें दूर शोधावयास नको. जालन्याच्या मोसंबीला तर भौगोलिक मानांकनच मिळालेलें आहे. बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाच्या गोळ्या घ्यावयाच्या असतात. खाणें चांगलें आहे म्हणून त्या सोडूं नयेत.

आतां बंधुवर्गाला एक विनंति. वर सांगितलेल्या पदार्थांपैकीं एकही असा नाहीं कीं जो पुरुषाला करतां येणार नाहीं. आईला जें करतां येतें तें बापाला येत नाहीं, हें पाजण्यापुरतें खरें. बरणींत ओट्स कालविण्यापुरतें तें खरें नाहीं. रात्रीं जेवणानंतर दहा मिनिटें खर्च करून न्याहारी सिद्ध ठेवणें, सकाळीं ती तिच्या हातांत देणें आणि ती खाऊन होईपर्यंत मुलाला खांद्यावर घेणें, एवढें बापानें पत्करलें तर अर्धा प्रश्न सुटला. २०१७ च्या कायदादुरुस्तीनें नोकरदार स्त्रियांना पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळूं लागली आहे. ही रजा संपून ती कामावर जाऊं लागली म्हणजे सकाळ अधिकच धांवपळीची होते, आणि तेव्हां हा डबा व ही बरणी तिला खरा हात देतात.

शेवटीं, दूध पुरतें कीं नाहीं याची काळजी वाटली तर आईच्या ताटाकडे बोट दाखविण्यापूर्वीं मुलाकडे पाहावें. पहिला आठवडा उलटल्यावर मूल दिवसरात्रींत सहा किंवा अधिक वेळां लघवी करीत असेल, दोन आठवड्यांच्या सुमारास त्याचें जन्माचें वजन भरून आलें असेल व पुढें वाढत असेल, तर दूध पुरेसें आहे. तसें नसेल, किंवा पाजतांना आईला वेदना होत असतील, तर बाहेरच्या दुधाचा डबा आणण्याआधीं डॉक्टरांना किंवा जाणत्या परिचारिकेला दाखवावें. पुष्कळदां मुलाला धरण्याची रीत बदलल्यानेंच काम भागतें. आईला मधुमेह अथवा थायरॉइडचा विकार असेल, तर तिनें गोडाचें प्रमाण व आहारांतील बदल डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

पाळणा सोन्याचा असो वा साध्या सागवानी लांकडाचा, त्यांतील मुलाच्या भुकेची दखल सारें घर घेतें. तें रडूं शकतें म्हणून! आई रडत नाहीं. तिच्या भुकेची दखल न रडतां घेतली जावी, एवढ्यासाठीं आज रात्रीं एक बरणी भरून ठेवा.