गाडीवाटा कुणाच्या?

कारे, ब्रिटनी

फ्रान्स आणि सायकल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टूर द फ्रान्सचे गुळगुळीत घाटरस्ते येतात. सध्या इथे चलती आहे ती मात्र डांबर सोडून जाणाऱ्या सायकलीची. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, टायर चांगले चाळीस मिलिमीटर रुंद; खडी, मुरूम, शेतातली माती, कशावरही चालणारे. फ्रेंच लोकही तिला ‘ग्रॅव्हल’च म्हणतात. ७ जुलै २०२४ रोजी तर खुद्द टूरच्या स्पर्धकांनाही त्र्वा शहराच्या परिसरात ३२ किलोमीटर पांढऱ्या कच्च्या रस्त्यांवरचा धुरळा खावा लागला.

हे रस्ते सायकलवाल्यांसाठी कुणी बांधलेले नाहीत. ते कसे उरले, कुणाच्या मालकीचे आहेत आणि पुढे टिकणार का, हे बघायला लागलं की फ्रान्सचं खेडं बरंच उलगडतं. मी ते ब्रिटनीच्या ऐन मध्यावर, कारे या गावी राहून बघतो आहे.

कारे हे एके काळी छोट्या रेल्वेचं जंक्शन होतं. पाच दिशांचे मीटरगेज मार्ग इथे येऊन मिळत. त्यांतला गँगाँ गावाचा तेवढा रुंद होऊन टिकला. आजही त्या गाडीत सायकल चढवून इथे येता येतं. बाकीचे १९६७ पर्यंत बंद पडले. रूळ उखडले गेले, वाट राहिली. उत्तरेला मोर्लेकडे आणि दक्षिणेला रोस्पोर्देनकडे या वाटेवरून आता सायकली जातात. आगगाडीला तीव्र चढ सोसत नाही, त्यामुळे लेकरंबाळं घेऊनही जाता येईल असा हा प्रवास.

गावाच्या दक्षिणेला नाँत ते ब्रेस्त हा ३६४ किलोमीटरचा कालवा आहे. इंग्रजांच्या आरमाराने समुद्र अडवला तरी ब्रेस्तच्या गोदीला आतल्या बाजूने रसद पोचावी, म्हणून नेपोलियनने तो काढायचं ठरवलं; पुरा व्हायला १८४२ उजाडलं. ग्लोमेलपाशी उंचवटा फोडून खोल चर काढावा लागला, तो शिक्षा झालेल्या सैनिकांच्या अंगमेहनतीवर. पुढे १९३० मध्ये गेर्लेदांचं धरण झालं आणि कालव्याचे दोन तुकडे पडले. नावा ओढणारे घोडे ज्या काठाने चालत ती वाट मात्र राहिली. धरणापाशी तीही पाण्याखाली आहे, म्हणून तिथे सायकल जुन्या रेल्वेच्या वाटेवर चढते. रोस्कॉफच्या बंदरातून स्पेनच्या सीमेपर्यंत जाणारा ‘व्हेलोदिसे’ हा बाराशे किलोमीटरहून लांब मार्ग याच वाटांनी नाँतला पोचतो. पाट्या ठळक, चुकायची भीती नाही. पहिल्यांदा येणाऱ्याने हाच मार्ग घ्यावा.

माझा जीव मात्र जडला आहे तो पाटी नसलेल्या वाटांवर.

रेल्वेची वाट सोडून शेतांत वळलं की ‘शमँ क्रो’ लागतात. दोन्ही बाजूंना छातीएवढे, कुठे डोक्याच्याही वर गेलेले मातीचे बांध; बांधांवर ओक, चेस्टनट, हेझेल; वर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. शतकानुशतकं गाड्यांच्या चाकांनी जमीन कापली, सुटी झालेली माती पावसाने वाहून नेली, आणि वाट शेतापेक्षा खाली गेली. मधोमध गवताची पट्टी आणि दोन अंगांना चाकोऱ्या. चाकोरीत कुजलेली पानं, पानांखाली शिस्टचे चपटे दगड. त्यांवर पुढचा ब्रेक करकचून दाबला की सायकल आडवी झालीच म्हणून समजा. टायरमधली हवा जरा कमी ठेवायची, वजन मागे टाकायचं आणि चाकाला त्याच्या चालीने जाऊ द्यायचं. भर ऑगस्टात बाहेर ऊन तापलेलं असताना आत गारवा असतो, नेच्याचा ओला वास असतो आणि हाताच्या अंतरावर काळ्या झालेल्या ब्लॅकबेऱ्या. फ्रान्समध्ये सायकल चालवायला यापेक्षा सुंदर जागा मला माहीत नाही.

या वाटांना कायद्यात ‘शमँ र्‍युराल’ म्हणतात. आपल्याकडची पाणंद डोळ्यांपुढे आणा, म्हणजे निम्मं काम झालं. फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार कम्यून आहेत. कम्यून म्हणजे आपली ग्रामपंचायत आणि नगरपालिका दोन्ही. काही तर शंभर माणसांचीही नाहीत, पण प्रत्येकीला महापौर आहे. ग्रामीण वाट या कम्यूनच्या मालकीची असते, पण खासगी मालमत्तेसारखी. १९५९ मध्ये गावच्या रस्त्यांची फेरवर्गवारी झाली, तेव्हा पक्के रस्ते सार्वजनिक मालमत्तेत गेले. ते रस्ते म्हणून असेतोवर विकता येत नाहीत. या वाटा त्या यादीबाहेर राहिल्या. त्या विकता येतात. अट अशी, की लोकांचा वापर थांबलेला असला पाहिजे. आणि वाट लोकांच्या वापरातली आहे हे कायदा कशावरून धरून चालतो? लोक तिथून ये-जा करतात, यावरून.

म्हणून मला या सायकलीचं एवढं वाटतं. चिखलात उमटलेली टायरची रेघ इथे साक्षीचं काम करते. शेजारचा शेतकरी बांध कोरत कोरत वाट पोटात घालतो, तीस वर्षं कुणी हरकत घेत नाही, आणि मग ती जमीन त्याचीच होऊन बसते. वाटा अशाही गेल्या आहेत.

त्याहून मोठा घाव एकत्रीकरणाचा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत सरकारने तुकड्यातुकड्यांची शेतं जुळवून मोठी केली. ट्रॅक्टर वळायला जागा हवी, म्हणून बुलडोझर लावून बांध सपाट केले, वाटा नांगराखाली घातल्या. १९५० नंतर देशातलं सत्तर टक्के शेतकुंपण, म्हणजे झाडाझुडपांची हिरवी कुंपणं, नाहीसं झालं असं मानतात. दुसरी बाजूही खरी आहे: इकडे चार गुंठे, तिकडे सहा, अशा शेतीवर माणसाचं भागत नव्हतं. पण ब्रिटनीत त्या वेळच्या वाटपावरून फुटलेली घरं अजून सांधलेली नाहीत. इनेस लेरो आणि पिएर व्हान होव्ह यांनी २०२४ मध्ये यावर ‘शाँ द बाताय’ हे चित्रपुस्तक काढलं. ते जरूर मिळवून बघावं. राष्ट्रीय भूगोल संस्थेने १९५० च्या सुमाराची हवाई छायाचित्रं सर्वांना खुली केली आहेत. ती आजच्या छायाचित्राशेजारी ठेवली की जिथे वाटांचं दाट जाळं होतं तिथे आता मक्याचं एकच सलग शेत दिसतं. निघण्याआधी मी दोन्ही बघतो. जुन्या चित्रातली जी वाट नव्यातही दिसते, तिकडे सायकल वळवतो.

२०२२ च्या एका कायद्याने थोडा आधार दिला. कम्यूनने आपल्या वाटांची मोजदाद करायचा ठराव केला की त्या तीस वर्षांची मोजणी जास्तीत जास्त दोन वर्षं थांबते. तेवढ्यात यादी पक्की करायची. एखाद्या संस्थेशी करार करून वाट फुकट साफ ठेवायलाही देता येते. मोजदाद ऐच्छिक आहे, हीच तिची कमजोरी. २०२३ च्या दुसऱ्या कायद्याने उलट बाजूही सावरली: पाटी लावलेल्या खासगी रानात शिरलं तर दंड. तेव्हा कोणती वाट गावाची आणि कोणती मालकाची, हे नकाशावर आधी बघणं आलंच.

या कच्च्या रस्त्यांवर ब्रेतों, म्हणजे ब्रिटनीच्या, माणसाचं प्रेम जुनं आहे. १९८४ पासून लानिलिस या गावी ‘त्रो ब्रो लेओं’ ही शर्यत होते. तिच्यातल्या शेतवाटांना ते ‘रिबिन’ म्हणतात. ब्रेतों भाषेत शिकवणाऱ्या दिवान शाळांना पैसे उभे करण्यासाठी ती सुरू झाली, आणि पहिल्या आलेल्या ब्रेतों स्पर्धकाला बक्षीस म्हणून डुकराचं पिल्लू मिळतं. एका भाषेची शाळा आणि एका मुलखाच्या वाटा एकाच हिमतीवर जगवायच्या, ही कल्पना मराठी माणसाला पटावी.

कुणी यायचं ठरवलं तर: मे, जून, सप्टेंबर उत्तम. दुपारी गावं बंद असतात, सोमवारी बेकरीही बंद असू शकते, म्हणून पाव सकाळीच घ्यावा. पाणी संपलं तर चर्चजवळचं कब्रस्तान शोधावं, तिथे बहुधा नळ असतो. ‘नों पोताब्ल’ लिहिलेलं असेल तर पिऊ नये. सप्टेंबर ते फेब्रुवारीअखेर शिकारीचा हंगाम. २०१८ मध्ये आल्प्समध्ये सायकलवरून जाणाऱ्या एका ब्रिटिश माणसाचा शिकाऱ्याच्या गोळीने जीव गेला. रविवारी भडक जाकीट घालावं, आणि ‘शिकार चालू’ची पाटी दिसली तर मुकाट्याने माघारी फिरावं.

जवळच्याच एका कम्यूनमध्ये सध्या एक वाट विकायचा प्रस्ताव आहे. कायद्याने पंधरा दिवस जाहीर चौकशी चालते, महापौर कार्यालयात नोंदवही ठेवलेली असते आणि कुणीही तीत आपलं म्हणणं लिहू शकतो, परदेशी माणूससुद्धा. आमच्या सायकलवाल्यांनी त्या वाटेवर काढलेले तारीखवार फोटो जमवले आहेत. गुरुवारी चौकशी अधिकारी बसणार आहेत. मीही जाऊन लिहिणार आहे की या वाटेने मी नेहमी जातो, आणि ती पुढे कालव्याच्या काठाला मिळते.